सिद्ध, आढळले, असेल

रात्री घरातली सगळी मंडळी झोपली की मी अर्धा-पाऊण तास नव्या शोधनिबंधांचे सारांश वाचते. ही सवय सहा-सात वर्षांपूर्वी लागली. मी शास्त्रज्ञ नाही. माझे काम भाषांतराचे आणि संपादनाचे आहे. त्यामुळे निबंध कोणत्याही विषयाचा असो, माझे लक्ष आकड्यांच्या आधी क्रियापदांकडे जाते. लेखकाने ‘सिद्ध केले’ असे म्हटले आहे, ‘आढळले’ असे म्हटले आहे, की ‘सूचित होते’ एवढ्यावर तो थांबला आहे, हे मी प्रथम पाहते, आणि पुष्कळदा त्या एका क्रियापदातच निबंधाचे सारे बळ आणि सारी मर्यादा सामावलेली असते.

असे वाचन पूर्वी माझ्यासारखीला शक्यच नव्हते. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने लॉस अलामोस येथे ‘आर्काइव्ह’ हा संग्रह सुरू केला, तो मूठभर भौतिकशास्त्रज्ञांनी आपापले हस्तलिखित एकमेकांना लवकर दाखवावे एवढ्यासाठी. २०२२ च्या सुरुवातीला त्यातील निबंधांनी २० लाखांचा टप्पा ओलांडला, आणि आज तिथे गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, वित्तीय बाजारांचे गणित हे सारे एका छपराखाली नांदते. आरोग्यविषयक निबंधांसाठी २०१९ पासून ‘मेडआर्काइव्ह’ हा वेगळा संग्रह आहे. हे निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच तिथे ठेवलेले असतात आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मला त्यातले सगळे समजते असे मुळीच नाही. परंतु इतक्या भिन्न विद्यांचे लोक एकाच रात्री शेजारी बसून बोलताना ऐकले, म्हणजे एक गोष्ट फार ठळकपणे लक्षात येते: ‘आम्हाला हे कळले’ असे प्रत्येक जण म्हणतो, पण त्या म्हणण्याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मात्र हे सारे अर्थ ‘संशोधनातून सिद्ध’ या एकाच साच्यात ओतले जातात. हा साचा मोडावा असे मला मनापासून वाटते.

‘सिद्ध’ हा शब्द खऱ्या अर्थाने गणिताचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हिड स्मिथ या इंग्लंडमधील गृहस्थांना एक आकार सापडला. ते छपाईच्या कामातून निवृत्त झालेले होते, गणिताची कोणतीही पदवी वा पद त्यांच्यापाशी नव्हते, पण आकारांचा नाद मोठा होता. प्रश्न जुना आहे. एकाच आकाराच्या फरशांनी अमर्याद सपाट पृष्ठभाग असा भरता येईल का, की कुठे फट राहणार नाही, फरशीवर फरशी चढणार नाही, आणि तरीही ती नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येऊच शकणार नाही? १९६६ मध्ये रॉबर्ट बर्जर यांनी अशा फरशांचा पहिला संच दिला, तेव्हा त्यात २०,४२६ प्रकारचे तुकडे होते. १९७० च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी ती संख्या दोनवर आणली. दोनचे एक व्हायला पुढची जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

स्मिथ यांनी आपला तेरा बाजूंचा आकार कागदातून कापून काढला आणि ते तुकडे टेबलावर एकमेकांना लावत गेले. नक्षी पुढे पुढे पसरत होती, पण तिची पुनरावृत्ती होताना दिसत नव्हती. हे ‘दिसत नव्हते’ फार महत्त्वाचे आहे. टेबलावर मावतील तेवढ्या तुकड्यांत जे दिसले नाही, ते अनंतापर्यंत होणारच नाही असे म्हणायला त्यांच्यापाशी आधार नव्हता, आणि त्यांनी तसे म्हटलेही नाही. त्यांनी क्रेग कॅप्लन या संगणकशास्त्रज्ञांना कळवले. पुढे जोसेफ मायर्स आणि चाइम गुडमन-स्ट्रॉस हे दोघे त्यात सामील झाले, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांनी मिळून ‘सिद्ध’ हा शब्द उच्चारला. त्यांच्या एका सिद्धतेची युक्ती मी कितीतरी वेळा पुन्हा वाचली आहे. तो आकार एकटा नाही, बाजूंची लांबी हळूहळू बदलत नेली की त्याची एक अखंड मालिका तयार होते. नक्षी आवर्ती, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा येणारी, आहे असे क्षणभर धरून या मालिकेच्या दोन टोकांची तुलना केली, तर दोघांच्या मापांत जे गुणोत्तर यायला हवे ते येणे अशक्य आहे असे निघते. म्हणजे धरलेली गोष्टच चूक. अनंत फरशी कोणी मोजली नाही, तरी अनंताविषयी निःशंकपणे बोलता आले. त्या आकाराला अधूनमधून स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेची मदत लागत होती, हा आक्षेपही त्याच चौघांनी मे महिन्यात आरशाची गरज नसलेला दुसरा आकार देऊन मिटवला.

पण गणितातही खात्री ही माणसाला मिळालेली आयती वस्तू नसते. पीटर शॉल्त्से हे आजच्या श्रेष्ठ गणितज्ञांपैकी एक. त्यांना २०१८ मध्ये गणितातले मानाचे फील्ड्स पदक मिळाले. त्यांनी डस्टिन क्लॉसन यांच्यासह केलेल्या कामातले एक प्रमेय असे होते की २०१९ चा बराच काळ ते त्या एका सिद्धतेने पछाडलेले होते. सिद्धता लिहून झाली, पण तिचे तपशील तपासून पाहण्याचे धाडस दुसऱ्या कोणी केले नसावे असे त्यांना वाटत होते, आणि त्यांच्या मनातली शंका गेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ती शंका सर्वांसमोर मांडली आणि ‘लीन’ या संगणकीय प्रणालीत ही सिद्धता पायरी-पायरीने तपासून द्यावी असे आवाहन केले. स्वयंसेवक गणितज्ञांनी जुलै २०२२ मध्ये ते काम पुरे केले. सिद्धता बरोबर होती. ज्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, त्यानेच ‘माझ्या शब्दावर जाऊ नका’ असे म्हणावे, याचे मोल मला त्या प्रमेयाइतकेच मोठे वाटते, जरी ते प्रमेय समजण्याची माझी पात्रता नाही.

भौतिकशास्त्रात ‘सिद्ध’ हा शब्द जाणकार लोक सहसा वापरत नाहीत. तिथे खात्रीचे माप सिग्मा या संख्याशास्त्रातल्या एककात सांगतात, आणि शोध लागला असे म्हणायचे तर पाच सिग्मा हवेत अशी कणभौतिकीची परंपरा आहे. म्हणजे नवी गोष्ट मुळात अस्तित्वातच नसेल, तर केवळ योगायोगाने एवढे मोठे विचलन दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असावी. हे ऐकल्यावर सामान्य माणसाला वाटते की मग चूक होण्याची शक्यताही ३५ लाखांत एक. तसे नाही, आणि सप्टेंबर २०११ मधला न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा प्रसंग त्याची साक्ष आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचत असल्याचे ‘ऑपेरा’ प्रयोगात आढळले. विचलन सहा सिग्मांचे होते. पुढच्या वर्षी कळले की एका ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. सिग्मा योगायोगाचा हिशेब ठेवतो, सैल जोडणीचा ठेवत नाही. त्या संशोधकांनी पहिल्या दिवसापासून ‘आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा’ असे जगाला सांगितले होते, आणि तरीही त्यांच्यावर पुढे बरीच टीका झाली, याचे मला अजून वाईट वाटते. चुकीची शक्यता इतक्या उघडपणे बोलून दाखवणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढचा माणूस ती बोलून दाखवणार नाही.

म्यूऑन या कणाच्या चुंबकत्वाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या फर्मीलॅबने जाहीर केलेले मोजमाप सैद्धांतिक अपेक्षेपासून ४.२ सिग्मा दूर होते, आणि निसर्गाचे एखादे अज्ञात बळ तर यातून डोकावत नाही ना, अशी आशा पसरली. जून २०२५ मध्ये अंतिम मोजमाप आले; त्याची अचूकता एक अब्जात १२७ भाग इतकी विलक्षण. मोजमाप बदलले नाही, अधिक पक्के झाले. मधल्या काळात बदलली ती अपेक्षा. महासंगणकांवर नव्या पद्धतीने केलेल्या आकडेमोडींच्या आधारे या विषयावरच्या सिद्धांतकारांच्या गटाने मे २०२५ मध्ये जो आकडा मान्य केला, तो मोजमापाच्या इतका जवळ आला की लक्षणीय तफावत उरली नाही. जुनी आकडेमोड आणि नवी आकडेमोड एकमेकींशी का जुळत नाहीत, हा प्रश्न मात्र तसाच आहे. विश्वाच्या प्रसरणाला गती देणारी डार्क एनर्जी काळानुसार क्षीण होत असावी असे आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाच्या २०२५ च्या निष्कर्षांतून सूचित होते. सोबत कोणत्या ताऱ्यांच्या स्फोटांची माहिती धरायची यानुसार ते विचलन २.८ ते ४.२ सिग्मा भरते. म्हणजे अजून ‘असावी’ हेच क्रियापद. ते मला अगदी योग्य वाटते.

आता आरोग्याकडे वळताना माझा हात थोडा जड होतो. माझ्या आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे, आणि मला ते प्रथम जाणवले ते एका क्रियापदामुळेच. “आई, गोळी घेतलीस?” या प्रश्नाला ती आयुष्यभर “घेतली” असे उत्तर देत आली होती. एके दिवशी ती म्हणाली, “घेतली असेल.” स्वतःच्या हाताने केलेल्या, तासाभरापूर्वीच्या कृतीबद्दल ‘असेल’. मी त्या दिवशी काही बोलले नाही.

त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला वेल्समधला अभ्यास मी इतर निबंधांसारखा वाचू शकले नाही. प्रश्न असा होता की नागिणीच्या आजारावरची लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश कमी होतो का. असे अभ्यास पूर्वीही झाले होते, पण त्यांत एक मूलभूत अडचण असते. जे लोक आपणहून लस घेतात, ते बहुधा आहार, व्यायाम, तपासण्या या सगळ्यांबाबतच दक्ष असतात; मग त्यांची स्मृती टिकली ती लसीमुळे की त्या दक्षतेमुळे, हे वेगळे काढता येत नाही. वेल्समध्ये मात्र एका सरकारी नियमाने हा गुंता सोडवला. १ सप्टेंबर २०१३ पासून लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र ठरले, आणि त्याआधी जन्मलेले कायमचे अपात्र. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या दोन माणसांत दक्षतेचा, स्वभावाचा, शिक्षणाचा सरासरी फरक काय असणार? तरी रेषेच्या एका बाजूला लस घेणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ४७ टक्के. सुमारे २,८०,००० वृद्धांच्या नोंदी सात वर्षे पाहिल्यावर लस घेतल्याने स्मृतिभ्रंशाच्या नव्या निदानांत सुमारे एक पंचमांश घट होत असल्याचे आढळले, आणि हा परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता.

मी तो निबंध रात्री दोन वेळा वाचला. मनात एक हिशेब सुरू झाला होता, आईला ती लस कधी देता आली असती याचा, आणि तो थांबवायला मला बराच वेळ लागला. मग मी मर्यादांचा परिच्छेद वाचला. अभ्यासातली लस जुन्या प्रकारची, जिवंत विषाणू दुर्बळ करून बनवलेली. अनेक देशांत तिची जागा आता दुसऱ्या प्रकारच्या लसीने घेतली आहे. नेमके कशामुळे हे घडते, नागिणीचा विषाणू पुन्हा जागा होत नाही म्हणून की प्रतिकारशक्तीला मिळालेल्या व्यापक चालनेमुळे, हे ठरलेले नाही. एक पंचमांश घट म्हणजे ज्यांना तो आजार व्हायचा होता अशा पाचांपैकी चौघांना तो तरीही झालाच असता. हे सारे वाचून मला विचित्र दिलासा मिळाला. ‘लसीमुळे स्मृतिभ्रंश टळतो हे सिद्ध’ असे कोणी लिहिले असते, तर मी स्वतःला फार मोठ्या अपराधाची धनीण ठरवले असते. त्या संशोधकांच्या मोजक्या, संयमी शब्दांनी मला तेवढ्यापुरते वाचवले.

आरोग्याच्या क्षेत्रात ‘सिद्ध’च्या सर्वांत जवळ जाणारी वाट म्हणजे चिठ्ठ्या टाकून, यादृच्छिक पद्धतीने, रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी. कोविडच्या काळात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्याच चाचणीने त्याच महिन्यात हेही दाखवले की ज्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर जगभर विसंबून राहिले गेले, त्याचा रुग्णालयात दाखल झालेल्यांना उपयोग नाही. अनुभवी डॉक्टरांची अटकळ यांपैकी एका औषधाबाबत खरी ठरली आणि दुसऱ्याबाबत खोटी, आणि चिठ्ठ्या टाकण्याआधी या दोन अटकळी सारख्याच प्रामाणिक होत्या.

कामाच्या जगाविषयीचे संशोधन मी अधिक सावधपणे वाचते, कारण फरशी किंवा म्यूऑन यांना आपला अभ्यास चालला आहे हे ठाऊक नसते, काम करणाऱ्या माणसाला ते ठाऊक असते आणि त्याचे स्वतःचे मतही असते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काम वेगाने होते का, या प्रश्नावर दोन अभ्यास मी शेजारी ठेवले आहेत. एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारे सुमारे ५,००० कर्मचारी होते. साहाय्यक प्रणाली हाती आल्यावर त्यांचे काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. नवख्या व कमी कुशल कर्मचाऱ्यांचे तब्बल ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांचे जवळजवळ नाहीच. २०२५ मध्ये ‘मीटर’ या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांवरची २४६ कामे दिली आणि प्रत्येक कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची की नाही हे यादृच्छिकपणे ठरवले. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की वेळ २४ टक्क्यांनी वाचेल. काम संपल्यावर त्यांचे मत झाले की २० टक्क्यांनी वाचला. घड्याळाने सांगितले की १९ टक्के जास्त लागला.

सोळा ही संख्या लहान आहे, साधने दर काही महिन्यांनी बदलतात, आणि त्या संशोधकांनीही आपला निष्कर्ष सर्वांना लागू होतो असा दावा केलेला नाही. तेव्हा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता वेग कमी करते’ असे यातून निघत नाही. मला हादरवून गेले ते वेगळेच. स्वतःच्या हातून, स्वतःच्या टेबलावर झालेल्या कामाला जास्त वेळ लागला की कमी, हे निष्णात माणसाला काम संपल्यावरही कळले नव्हते. कामाविषयीचे किती निष्कर्ष केवळ ‘तुम्हाला काय वाटते’ अशा प्रश्नावलीवर उभे असतात, हे आठवले म्हणजे या एका निकालाचा आवाका ध्यानात येतो.

वित्ताच्या क्षेत्रात तर अभ्यासाचा विषय संशोधकाचा निबंधच वाचून काढतो. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पॉन्टिफ यांनी २०१६ च्या निबंधात असा प्रश्न विचारला की शेअर बाजारात जादा परतावा देणारी सूत्रे विद्वानांनी शोधून प्रसिद्ध केली, त्यांचे पुढे काय झाले? त्यांनी अशी ९७ सूत्रे घेतली. मूळ अभ्यासाचा कालावधी संपल्यानंतर, पण निबंध छापला जाण्याआधी, त्यांचा परतावा सरासरी २६ टक्क्यांनी घटलेला होता. हा बहुधा जुन्या आकडेवारीतून हवे ते वेचून काढल्याचा परिणाम, फार तर एवढाच. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर मात्र घट ५८ टक्क्यांवर गेली. म्हणजे उरलेली घट होण्याचे एक मोठे कारण हे की लोकांनी निबंध वाचला, त्यानुसार खरेदी-विक्री केली, आणि जे सत्य होते ते वाचले गेल्यामुळे विरून गेले. ‘आढळले’ हे क्रियापद इथे उच्चारताक्षणीच भूतकाळात जमा होते. मला या क्षेत्राविषयी पूर्वी अढी होती. या निबंधाने ती गेली, कारण आपल्याच विद्येने लावलेल्या शोधांचे आयुष्य इतक्या निर्विकारपणे मोजणारे लोक तिथे आहेत.

अर्थशास्त्रातल्या एका चुकीचीही आठवण मी जपून ठेवली आहे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या निबंधात असे म्हटले होते की ज्या देशांचे सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक होते, त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. खर्चकपातीच्या धोरणांच्या समर्थनार्थ हा निबंध वारंवार पुढे केला गेला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधाचे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा निबंध निवडला आणि आकडा काही केल्या जुळेना. त्याने मूळ तक्ता मागितला, तो लेखकांनी दिला, आणि त्यात दिसले की सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटून गेल्या आहेत. ती चूक, काही वगळलेली आकडेवारी आणि सरासरीची पद्धत हे सारे दुरुस्त धरून त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये जो आकडा दिला, तो होता अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी तक्त्यातली चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद केला. विद्यार्थ्याच्या चिकाटीचे कौतुक सर्वांनी केले आणि ते रास्तच आहे. मला त्यासोबत तक्ता मागताच तो देण्याचेही महत्त्व वाटते, कारण तो मिळाला नसता तर पाच ओळींची चूक आजही कोणाला कळली नसती.

गेल्या महिन्यात आरोग्यविषयक एका पुस्तकाचे संपादन करताना मी ‘सिद्ध झाले आहे’ ही शब्दरचना एकतीस ठिकाणी अधोरेखित केली, प्रत्येक ठिकाणी मूळ निबंध काढून पाहिला, आणि चार ठिकाणी ती तशीच ठेवली. लेखकाला वाटले मी मजकुराचे बळ काढून घेते आहे. आमचे त्यावर बरेच बोलणे झाले, आणि सगळ्या जागी आमचे एकमत झाले असे नाही.

त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला. आई खोलीत जागी होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती “घेतली” म्हणाली नाही, आणि “घेतली असेल” असेही म्हणाली नाही. तिने उशाजवळची सात खणांची डबी उचलली, चष्मा लावला, आजच्या वाराचा खण बोटाने शोधायला लागली, आणि मी पुढे होते आहे असे पाहून म्हणाली, “थांब, बघून सांगते.”